मुलाम्याची लगड

सोन्याचांदीची खरेदी पेढीवर बसून, तराजू डोळ्यांपुढें ठेवून आणि कसोटीवर उमटलेली रेघ पाहून करावयाची, असा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. आंतरजालावरील बाजारानें तो मोडला. तेथें माल दिसतो तो चित्रांत, आणि त्याचा कस कळतो तो चित्राखालीं लिहिलेल्या चार ओळींवरून. या बाजारांत, विशेषतः त्याच्या अमेरिकेंतील पेठांत, एक वस्तु वारंवार विक्रीस मांडलेली आढळते. पांच सेंटिमीटर लांब, जेमतेम तीन सेंटिमीटर रुंद, आरशासारखी झगझगीत पिवळी लगड. तिच्यावर गरुड किंवा गवा कोरलेला. आणि भोंवतीं ठळक अक्षरांत मजकूर: 'वन ट्रॉय औंस', 'हंड्रेड मिल्स', 'पॉइंट नाइन नाइन नाइन फाइन गोल्ड'. या ओळीच्या शेवटीं, पुष्कळदां बारीक अक्षरांत, आणखी एक शब्द असतो: 'क्लॅड'. क्लॅड म्हणजे आवरण घातलेलें. लगड पितळेची किंवा तांब्याची असते, आणि सोनें असतें तें तिच्या अंगावरच्या मुलाम्यापुरतें.

या मजकुरांतील एकेक शब्द सुटा करून पाहिला, तर त्यांत सरळ खोटा असा शब्द सहसा सांपडत नाहीं, आणि हीच त्यांतील मेख होय. एक ट्रॉय औंस, म्हणजे सुमारें ३१.१ ग्रॅम, हें वजन खरें असतें. पण तें सबंध लगडीचें असतें, सोन्याचें नव्हे. .९९९ ही शुद्धताहि खरी असूं शकते. पण ती मुलाम्यांतील सोन्याची. वजन एका धातूचें आणि कस दुसऱ्याचा, अशीं दोन सत्यें शेजारीं शेजारीं बसवून तिसरें असत्य वाचणाऱ्याच्या मनांत उपजविण्याची ही युक्ति आहे. उरला 'हंड्रेड मिल्स' हा शब्द. इंग्रजी मापांच्या कोष्टकांत 'मिल' म्हणजे इंचाचा हजारावा भाग. त्या हिशेबानें शंभर मिल म्हणजे २.५४ मिलिमीटर झाले. परंतु वर सांगितलेल्या आकाराची, औंसभर वजनाची पितळी लगड मुळांतच सुमारें २.६ मिलिमीटर जाड भरते. तिच्या दोन्हीं बाजूंस अडीच अडीच मिलिमीटर सोनें चढवावयाचें, तर पितळेला आंत जागाच उरत नाहीं.

आतां विक्रेत्याच्या बाजूनें होईल तितका उदार अर्थ घेऊन पाहावा. अमेरिकेच्या व्यापार आयोगानें १९९६ सालीं सुधारलेल्या दागिन्यांविषयींच्या मार्गदर्शक नियमांत, इंचाचे शंभर दशलक्षांश, म्हणजे अडीच मायक्रॉन जाडीच्या विद्युत्‌मुलाम्यास 'जड मुलामा' म्हणण्याची मुभा दिलेली होती. 'हंड्रेड मिल्स' हा त्याच मापाचा अपभ्रंश मानला, तर लगडीच्या सगळ्या पृष्ठभागावर, म्हणजे सुमारें ३२ चौरस सेंटिमीटरांवर, चढलेलें सोनें भरतें अवघें १५४ मिलिग्रॅम. वजन वाचावयाचें ३१ ग्रॅम आणि सोनें मिळावयाचें पाव ग्रॅमाच्याहि आंत! मुलामा एक दशांश मायक्रॉनाचाच असला, आणि विजेच्या साह्यानें इतका पातळ थर देणें मुळींच अवघड नाहीं, तर हा आंकडा सहा मिलिग्रॅमांवर उतरतो. तांदळाच्या एका दाण्याचें वजन याहून अधिक भरेल.

मुलामा देणें हा कांहीं गुन्हा नव्हे. देवळाचा कळस सोन्यानें मढविला म्हणून सबंध देऊळ सोन्याचें आहे असें कोणी म्हणत नाहीं, आणि कोणी फसतहि नाहीं. मुलाम्याची कला प्रामाणिक आहे. तिच्या आश्रयानें वाढलेल्या लबाडीचा इतिहास मात्र फार जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सुवर्णाध्यक्षाच्या आणि सौवर्णिकाच्या कामाविषयीं लागोपाठ दोन अध्याय आहेत, आणि त्यांत सोनाराच्या हातचलाखीची जी जंत्री दिली आहे ती वाचतांना ग्रंथकार एखाद्या पेढीवर वर्षानुवर्षें बसला असावा असा भास होतो. तींत 'पेटक' नांवाचा एक प्रकार आहे. शिशाची आकृति करावयाची, ती सोन्याच्या पत्र्यानें मढवावयाची आणि आंतून लाखेसारख्या द्रव्यानें घट्ट बसवावयाची, हा झाला गाढपेटक. पत्रा सहज निघूं शकेल असा बसविला, तर तो दुसऱ्या प्रकारचा पेटक. दोहोंची परीक्षाहि दिली आहे: तापवून पाहावें, कसोटीवर घासावें, नाद निघतो कीं नाहीं तें ऐकावें, ओरखडा काढून पाहावा. कसोटीच्या दगडावरहि भरंवसा ठेवूं नये, कारण नखाच्या आंत गेरू लपवून त्यानें रेघेचा रंग बदलतां येतो, असाहि इशारा तेथें आहे. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकारानें पॉलिक्रेटीस नांवाच्या सत्ताधीशाची अशीच एक हकीकत नोंदविली आहे. स्पार्टाच्या सैन्यानें वेढा उठवावा म्हणून त्यानें शिशाचीं नाणीं पाडून, त्यांस सोन्याचा मुलामा देऊन तीं शत्रूच्या पदरांत टाकलीं, अशी ती कथा. हिरोडोटसाचा स्वतःचा मात्र तिच्यावर विश्वास नव्हता.

या सगळ्या लबाड्या हाताच्या आहेत. त्या करणारा सोनें म्हणून शिसें देतो, आणि पकडला गेला तर त्याला बोलावयास जागा राहत नाहीं. जिभेची लबाडी निराळी. ती करणारा पितळ देतो आणि आपण पितळच देतों असें कोठें तरी बारीक अक्षरांत लिहूनहि ठेवितो. हिचा इतिहास पाहावयाचा तर अठराव्या शतकांतील इंग्लंडकडे वळलें पाहिजे.

इंग्लंडांत चांदीचा कस राजाज्ञेनें ठरविण्याची चाल फार जुनी. १३०० सालीं पहिल्या एडवर्डनें कायदा करून चांदीच्या भांड्यांचा कस नाण्याच्या चांदीइतका, म्हणजे हजारांत ९२५ भाग, असलाच पाहिजे असें ठरविलें आणि त्याची खूण म्हणून चित्त्याचें मुख उमटविण्याची आज्ञा केली. १४७८ सालापासून लंडनच्या सोनारांच्या मंडळाच्या वाड्यांत, म्हणजे हॉलमध्यें, माल आणून त्यावर वर्षाचें अक्षरहि उमटवूं लागले. 'हॉलमार्क' हा शब्द त्या वाड्यावरून आला. मुद्रा खोटी असल्याचें उघडकीस आलें तर शिक्षा सामान्य नव्हती. १७५८ च्या कायद्यानें खोट्या मुद्रेबद्दल देहान्त शासन ठेविलें होतें. १७७३ सालीं तें सौम्य करून चौदा वर्षें हद्दपारीवर आणलें. चांदीच्या भांड्यावरील चार बारीक ठशांस एवढें मोल होतें, कारण गिऱ्हाईक कस पाहत नसे. तो ठसे पाही.

अशा देशांत १७४३ च्या सुमारास शेफील्ड गांवीं टॉमस बोल्सोव्हर नांवाच्या सुऱ्याकात्र्यांच्या कारागिरास एक शोध लागला. सुरीची मूठ दुरुस्त करीत असतां आंच अधिक झाली, आणि तांबें व चांदी एकमेकांस अशीं चिकटलीं कीं लाटली तरी दोन्हीं बरोबरच पसरत गेलीं, असें सांगतात. तांब्याच्या जाड ठोकळ्यावर चांदीचा पत्रा वितळवून बसवावा आणि तो ठोकळा लाटून त्याचा पत्रा करावा, म्हणजे वरून चांदी आणि पोटांत तांबें असा माल तयार होई. बोल्सोव्हरनें त्याचीं बटनें केलीं; पुढें इतरांनीं चहादाण्या, दीपदाण्या आणि ताटें केलीं. मध्यम वर्गाच्या घरांत चांदीची झळाळी प्रथम आली ती या शेफील्ड प्लेटमुळें. त्या कारागिरांची एकच अडचण होती. पत्रा कापला कीं कांठावर तांब्याची लाल रेघ दिसे. ती झांकण्यासाठीं कांठावरून चांदीचा पत्रा दुमडून घेत, पुढें पुढें चांदीची तार बसवूं लागले. ही कारागिरी इतकी देखणी आहे कीं तिला लबाडी म्हणवत नाहीं, आणि आज जुन्या वस्तूंचे शोकी तिला मोल देऊन घेतात तें चांदी म्हणून नव्हे, शेफील्ड प्लेट म्हणूनच घेतात.

पण मालावर ठसे उमटूं लागले तेव्हां प्रश्न उपस्थित झाला. मुलामा देणाऱ्यांनीं आपल्या नांवाचीं आद्याक्षरें लहान लहान चौकटींत, एका ओळींत, अशीं उमटविलीं कीं लांबून तीं चांदीच्या मुद्राच वाटावीं. त्यांत सोन्याचांदीचें नांव कोठेंहि नव्हतें. १७७३ सालीं शेफील्ड आणि बर्मिंगहॅम या दोन गांवांस चांदीचा कस पाहण्याच्या स्वतंत्र कचेऱ्या मिळाल्या. यासाठीं पार्लमेंटांत खटपट करणारा मॅथ्यू बोल्टन हा बर्मिंगहॅमचा कारखानदार चांदीचा आणि मुलाम्याचा असा दोन्हीं प्रकारचा माल काढीत असे, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. त्या कायद्यानेंच मुलाम्याच्या मालावर अक्षरें उमटविण्याची बंदी केली. अकरा वर्षांनीं, १७८४ सालीं, दुसरा कायदा होऊन ती सैल झाली: कारागिरानें आपलें नांव आणि खूण उमटवावी, मात्र ती शेफील्डच्या कचेरींत नोंदवावी, आणि चांदीच्या मुद्रेशीं तिचें साम्य नसावें. या कायद्यांत मुलाम्याची जाडी किती असावी याविषयीं आग्रह नाहीं. आग्रह आहे तो खुणेचा. फसवणूक धातूंत नसून चिन्हांत आहे हें त्या कायदेकर्त्यांनीं बरोबर ओळखिलें होतें. तरीहि एकोणिसावें शतक संपत येईपर्यंत मुलाम्याच्या मालावर मुकुटाचा ठसा दिसे, आणि मुकुट हा तर शेफील्ड कचेरीचाच ठसा!

विजेनें मुलामा देण्याची युक्ति आली आणि शेफील्ड प्लेटचा धंदा बसला. इटलींतील ब्रुन्यातेल्ली यानें १८०५ सालीं व्होल्टाच्या विद्युत्‌घटाच्या साह्यानें सोन्याचा मुलामा देऊन दाखविला होता. पण ती प्रयोगशाळेंतील गोष्ट राहिली. जॉन राइट या बर्मिंगहॅमच्या शस्त्रवैद्यास सायनाइडच्या द्रावांतून चांगला थर बसतो असें आढळलें, आणि तें ज्ञान हातीं घेऊन एल्किंग्टन बंधूंनीं १८४० सालीं पेटंट मिळविलें. पूर्वीं धातूचा पत्रा लाटावा लागे, तेव्हां थर कांहीं एका मर्यादेखालीं पातळ करणें कठीण होतें. आतां ती मर्यादा गेली. वस्तु द्रावांत बुडविली आणि क्षणांत बाहेर काढली, तरी ती चमके. खालचा धातूहि बदलला. तांबें, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रणास 'जर्मन सिल्व्हर' किंवा 'निकेल सिल्व्हर' हें नांव पडलें. त्यांत चांदी गुंजभरहि नसते. चांदी आहे ती केवळ नांवांत. मुलामा दिलेल्या चमच्यांवर 'ई', 'पी', 'एन', 'एस' हीं चार अक्षरें चार निरनिराळ्या ढालींत, एका ओळींत उमटविलेलीं असत. तीं वाचलीं तर तीं प्रामाणिकपणें सांगतात कीं हा विजेनें मुलामा दिलेला निकेलचा माल आहे. पण तीं वाचण्यासाठीं नसत, पाहण्यासाठीं असत. महाराष्ट्रांतील लग्नघरांतूनहि जर्मन सिल्व्हरचीं तबकें पुष्कळ फिरलीं आहेत. खेडोपाडीं तर ॲल्युमिनियमच्या भांड्यांसहि 'जर्मल'चीं भांडीं म्हणण्याची रूढि पडली. धातूचें नांव एकदां सैल झालें कीं तें कोठवर घसरेल याचा नेम नाहीं.

अमेरिकेंत १८८३ सालीं घडलेला प्रकार याहून मौजेचा. त्या वर्षीं टांकसाळीनें निकेलचें नवें पांच सेंटांचें नाणें काढलें. त्यावर रोमन आंकडा पांच होता, 'सेंट' हा शब्द नव्हता. सोन्याच्या पांच डॉलरच्या नाण्याशीं त्याचा आकार जवळजवळ जुळे. चलाख लोकांनीं त्यांस सोन्याचा मुलामा दिला आणि तीं दुकानांतून खपविलीं. एका बहिऱ्यामुक्या माणसाची दंतकथा त्या प्रकाराशीं जोडलेली आहे: तो नाणें पुढें करी, दुकानदार आपण होऊन पांच डॉलरची मोड देई, आणि हा मुकाट्यानें घेई, तोंडानें कांहींच न बोलल्यामुळें त्यावर फसवणूक शाबीत झाली नाहीं. कथा खरी असो वा नसो, टांकसाळीनें केलेला उपाय इतिहासांत नमूद आहे. तिनें नाण्याचा धातु बदलला नाहीं, आकारहि बदलला नाहीं. त्याच वर्षीं त्यावर 'सेंट्स' एवढा एक शब्द वाढविला.

हा धडा पुढील कायद्यांतून दिसतो. अमेरिकेंत १९०६ सालीं सोन्याचांदीच्या मालावरील कसाच्या ठशांविषयीं कायदा झाला. १९७३ सालीं तर अटलांटिकच्या दोन्हीं तीरांवर एकेक कायदा झाला, हा योगायोगच. इंग्लंडच्या हॉलमार्क कायद्यानें, कांहीं किरकोळ वजनाच्या वस्तु सोडल्यास, मुद्रा नसलेल्या वस्तूस व्यापारांत 'सोनें' किंवा 'चांदी' म्हणण्यास मनाई केली. अमेरिकेच्या कायद्यानें संग्राहकांच्या नाण्यांची आणि पदकांची नक्कल करणाऱ्यानें 'कॉपी' हा शब्द त्या वस्तूवरच कोरला पाहिजे असें बंधन घातलें. भारतांत सोन्याच्या दागिन्यांवर ऐच्छिक हॉलमार्क २००० सालीं आला आणि १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानें सक्तीचा झाला.

या तिन्हीं व्यवस्थांत एक वस्तु कुंपणाबाहेर राहिली, आणि ती म्हणजे लगड. इंग्लंडच्या कायद्यानें लगडीस कच्चा माल मानून सूट दिली. अमेरिकेचा कायदा नाण्यांचा व पदकांचा. भारतांतील २०२१ ची सक्ति दागिन्यांची व घडीव वस्तूंची. ही उणीव निष्काळजीपणाची नव्हे. लगड ही जाणत्यांच्या हातांतून जाणत्यांच्या हातांत जाणारी वस्तु होती. शुद्धीकरणाचा कारखाना, बँक आणि सराफ यांच्यापलीकडे ती क्वचित् जाई, आणि त्या मंडळींस ठशाची गरज नसे. त्यांच्याजवळ कसोटी असे आणि मूसहि असे. सामान्य गृहस्थास तर कित्येक वर्षें ती पाहावयासहि मिळाली नाहीं. अमेरिकेंत १९३३ पासून १९७४ च्या अखेरपर्यंत खासगी माणसानें सोन्याच्या लगडी बाळगणें बेकायदा होतें. भारतांत १९६८ च्या सुवर्णनियंत्रण कायद्यानें तीच स्थिति होती. तो १९९० सालीं रद्द झाला. मुंबईच्या झवेरी बाजारांत दहा तोळ्यांचें बिस्किट ही कुजबुजीनें बोलावयाची गोष्ट होती. दोन देशांतील लोकांची लगडीशीं अशी ओळख तुटलेली असतां निर्बंध उठले, आणि थोड्याच वर्षांत आंतरजालाचा बाजार आला. लोकांच्या हातीं एकदम लगडी येऊं लागल्या, पण त्या पारखण्याची रीत त्यांच्या घरांत राहिली नव्हती.

अशा गिऱ्हाइकापुढें 'क्लॅड' हा शब्द येतो. विक्रेत्याचा बचाव तयारच असतो: जाहिरातींत शेवटल्या ओळींत मुलामा असल्याचें लिहिलें आहे, आणि किंमत पाहिली तर औंसभर सोनें त्या पैशांत कोणी देणार नाहीं हें उघड आहे. यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पांचशेंच्या मोलानें लाखांचें सोनें मागणाऱ्याचा लोभहि थोडा दोषी धरावा लागेल. महाराष्ट्रांतील दुकानांतून 'एक ग्रॅमचे दागिने' या नांवानें मुलाम्याचे दागिने राजरोस विकले जातात, आणि घेणारी बाई तें पूर्ण जाणून, लग्नांत मिरविण्यापुरतें आणि प्रवासांत चोराची भीति नको म्हणून घेते. तेथें शब्द सैल असला तरी व्यवहार डोळस असतो. विकणारा आणि घेणारा समोरासमोर असतात आणि किंमतीचा अर्थ दोघांस ठाऊक असतो.

मुलाम्याच्या लगडीची गोष्ट तेथें थांबत नाहीं, कारण जाहिरात आणि लगड यांचें आयुष्य सारखें नाहीं. जाहिरातींतील खुलासा, तो कितीहि बारीक अक्षरांत असो, माल विकला गेला कीं कांहीं दिवसांनीं पडद्यावरून पुसला जातो. लगडीवर कोरलेलें 'वन ट्रॉय औंस' आणि .९९९ मात्र राहतें. १७८४ चा कायदा खुणेचें बंधन मालाच्या अंगावर घालीत होता, आणि १९७३ चा 'कॉपी' हा शब्द नाण्याच्या अंगावरच कोरावयास लावतो. आंतरजालाच्या बाजारांत याच्या नेमकें उलट घडतें: खरें सांगणारा शब्द कागदाहूनहि क्षणभंगुर पडद्यावर, आणि भुलविणारा शब्द धातूंत. भारताच्या २०२० च्या ई-व्यापारविषयक ग्राहकसंरक्षण नियमांनीं मालाचें वर्णन आणि प्रत्यक्ष माल यांत मेळ असावा असें सांगितलें आहे. पण तो नियम पहिल्या विक्रीस लागतो. तीच लगड पुढें कोणी भेट म्हणून देतो, कोणी कर्जाच्या बदल्यांत देतो, कोणी तिच्या त्याच झगझगीत चित्राखालीं तीन ओळी लिहून चौथी गाळतो आणि पुन्हां विकतो.

आणि कोणी ती कांहींच न बोलतां कपाटांत ठेवून मरतो. त्यानें ती दोन-चारशें रुपयांना हौस म्हणून घेतली होती हें त्याला ठाऊक असतें, पण तें त्याच्याबरोबर जातें. मुलगी किंवा विधवा ती रुमालांत बांधून पेढीवर नेते. सराफ ती हातांत घेतो, तेवढ्यानेंच पुष्कळदां त्याची भिवई उंचावते, कारण औंसभर खरें सोनें याच लांबीरुंदींत सव्वा मिलिमीटरहि जाड भरत नाहीं आणि ही लगड त्याच्या दुपटीहून जाड असते. मग तो कानस घेऊन लगडीच्या कांठावर दोन वेळां ओढतो, आणि खालून तांब्याची लाल रेघ निघते.